पोथीतली चित्रे आणि चित्रांची पोथी

परतवारीच्या दिवसांत नरसीला जो वारकरी येतो, तो कयाधूचे पाणी डोळ्यांना लावतो, नामदेवरायांच्या जन्मस्थानी माथा टेकवितो आणि परत जाताना बहुधा एखादी तसबीर काखेत मारून नेतो. तसबिरीतला प्रसंग आपणां सर्वांना पाठ आहे. लहानगा नामा नैवेद्याचे ताट घेऊन उभा आहे आणि विटेवरचा देव वाकून जेवतो आहे. नामदेव कसे दिसत होते हे सांगणारा त्या काळचा एकही कागद नाही. परंपरा त्यांचा जन्म 1270 सालचा मानते. तेव्हाचे चित्र कोठून असणार? तरी दुकानात दहा तसबिरी मांडल्या, तर त्यांतली नामदेवांची कोणती हे आपण क्षणात सांगतो. एवढेच नव्हे, पंजाबातून जी शीख मंडळी येथे दर्शनाला येतात, ज्यांच्या गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची एकसष्ट पदे आहेत, त्यांना मराठी अक्षर वाचता येत नसले तरी त्या तसबिरीचा अर्थ कळतो. अक्षराला भाषेची वेस असते, चित्राला ती नसते.

अशा गावच्या श्रोत्यांसमोर चित्रांनी कथा सांगणाऱ्या माणसांविषयी बोलावे, असे आम्ही योजिले आहे. आम्ही चित्रकलेचे जाणकार नव्हे. आमचे आयुष्य हमालांच्या संघटनेत गेले, आणि जे थोडेबहुत वाचन झाले ते पोती उतरून झाल्यावरच्या वेळात झाले. तरीही हा विषय आम्ही आपला मानतो, कारण चित्र काढणे हे काम आहे. ज्या कामाला हात लागतात, त्याला मजुरी, दाम आणि करणाराचे नाव हे तीन प्रश्न चिकटलेलेच असतात.

चित्रांच्या मासिकांना आणि कॉमिक्सना पुष्कळ शहाणी माणसे पोरखेळ समजतात. ही विलायतेहून आलेली चीज आहे, असेही कोणी म्हणतात. वस्तुतः चित्र दाखवून कथा सांगणे हा आपल्या मुलखाचा फार जुना धंदा आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ रचिला. त्यात राजाच्या करमणुकीचे प्रकार वर्णिताना चित्रांच्या आधारे कथा सांगणाराचा उल्लेख आला आहे. ही कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. आपल्यापासून फार लांब नव्हे. तेव्हा चित्रकथीचे नाव आपल्या भागाने सुमारे नऊशे वर्षांपूर्वी ऐकले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

हा धंदा पिढ्यान् पिढ्या टिकवून धरणारी मंडळी मात्र आज सह्याद्रीच्या पलीकडे सापडतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजाच्या घराण्यांनी चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या सावलीच्या बाहुल्या अशा तीनही कला सांभाळल्या. त्यांना सावंतवाडीच्या भोसले दरबाराचा आश्रय होता. चित्रकथीची पोथी म्हणजे शिवलेले पुस्तक नव्हे. सुट्या कागदांवर एकेक प्रसंग रंगवावयाचा, दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवावयाचे, म्हणजे एका पानाला दोन्ही अंगांनी चित्र होते. अशा तीसचाळीस किंवा अधिक पानांची एक पोथी, आणि एका पोथीत एक आख्यान. रात्री समईच्या उजेडात कथेकरी एकेक पान उचलून धरतो, वीणा, टाळ आणि हुडुक यांच्या साथीवर प्रसंग गातो, मध्येच गद्यात समजावतो, आणि पान पालटतो. आजच्या कॉमिक्समध्ये चौकटीमागून चौकट येते, तेथे पानामागून पान येत असे. फरक इतकाच की बोलणाराच्या तोंडून निघालेला फुगा कागदावर काढावा लागत नसे. बोलणारा माणूस समोरच बसलेला असे.

ही चित्रे ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. त्यांत दूरचे लहान आणि जवळचे मोठे असा हिशेब नाही. माणसे बहुतेक एका बाजूने दाखविलेली, डोळे टपोरे, वस्त्रांवर ठळक नक्षी, रेघ जाड आणि ठाम. दोन योद्धे समोरासमोर उभे, मध्ये बाणांची जाळी. मागे डोंगर नाही, आभाळ नाही, रिकामा कागद. प्रथम पाहणाराला वाटते की काढणाराला चित्र येत नव्हते. परंतु हे चित्र हातात धरून निरखण्यासाठी नव्हतेच. पाचपन्नास माणसे अंगणात बसलेली, उजेड मिणमिणता, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला भीम कोणता आणि दुःशासन कोणता हे दिसले पाहिजे. जाड रेघ आणि मोठा डोळा ही त्या कामाची गरज होती. शेजारी सावलीच्या बाहुल्यांचा खेळ चाले, त्यातही आकृतीची बाह्यरेषाच बोलत असे. या दोन कलांतले साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. हत्यार कशासाठी घडविले हे जाणल्यावाचून त्याची पारख करू नये. चित्राचेही तसेच आहे.

आता जमविण्याच्या इतिहासाकडे वळू. येथे एक गोष्ट विलक्षण घडली. गेल्या शतकात या पोथ्यांतली सुटी पाने संग्राहकांच्या हाती येऊ लागली. त्यांतली बरीच पैठणच्या परिसरात मिळाली, म्हणून साऱ्या प्रकारालाच ‘पैठणची चित्रे’ हे नाव पडले. पुस्तकांत तेच छापले गेले आणि संग्रहालयांच्या पाट्यांवर तेच लागले. याच वळणाच्या पोथ्या पिंगुळीच्या घराघरांत आहेत आणि तेथे त्या अजून गायिल्या जातात, हे अभ्यासकांच्या ध्यानी पुढे आले. पैठण हे आमच्या मराठवाड्याचे भूषण. त्याचे नाव मोठे झाले तर आम्हांस आनंदच आहे. परंतु ज्या गावाने शतकानुशतके रेघ ओढली, त्याचे नाव पाटीवर नसावे आणि जेथे माल हाती लागला त्याचे असावे, हा न्याय नव्हे. मोंढ्यात ज्या अडत्याकडे माल उतरला त्याच्या नावाने तो ओळखला जातो, पिकविणाराच्या नावाने नाही. चित्रांच्या बाबतीतही तेच झाले.

याचा अर्थ संग्राहक वाईट असा मात्र कोणी काढू नये. पिंगुळीत अशी रीत सांगतात की पोथी जीर्ण झाली म्हणजे ती पाण्यात विसर्जन करावयाची. देवाची वस्तू फाटक्या अवस्थेत घरात ठेवू नये, ही त्यामागची भावना. भावना शुद्ध, पण तिच्यामुळे किती पोथ्या पाण्यात विरघळल्या याचा हिशेब कोण देणार? ज्या पाण्याबाहेर राहिल्या, त्यांतल्या पुष्कळ जमविणाऱ्यांमुळेच राहिल्या. पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांचे नाव येथे आदराने घेतले पाहिजे. हे गृहस्थ कवी होते आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहीत. दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे, वाद्ये, चित्रे अशा घरगुती वस्तू त्यांनी गावोगाव फिरून जमविल्या, त्याही लोक ज्यांना अडगळ म्हणत अशा काळात. अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी तो सारा संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. स्वतःला अज्ञातवासी म्हणविणाऱ्या माणसाने हजारो अज्ञात कारागिरांच्या कामाला छप्पर दिले.

जमविण्यातही दोन जाती आहेत. एक जपण्यासाठी जमविणारा, दुसरा फोडून विकण्यासाठी जमविणारा. चाळीस पानांची पोथी अखंड विकली तर एक गिऱ्हाईक. पाने सुटी केली तर चाळीस गिऱ्हाइके आणि चाळीस चौकटी. व्यापाराचा हिशेब सरळ आहे. पण मग अभिमन्यू एका दिवाणखान्यात आणि चक्रव्यूह दुसऱ्या देशात, अशी गत होते. कथा मोडली, राहिले ते शोभेचे कागद. 1972 च्या पुराणवस्तु कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी मोलाची हस्तलिखिते सरकारी परवानगीवाचून देशाबाहेर नेण्यास बंदी केली आहे. कायदा चांगला आहे. परंतु देशातल्या देशात पोथी फोडू नये असे सांगणारा कायदा संग्राहकाच्या मनातच असावा लागतो.

पुढे छापखाना आला आणि चित्रकथीचे काम यंत्राने उचलले. 1878 साली पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा निघाली आणि देवादिकांची, इतिहासपुरुषांची रंगीत चित्रे घरोघर गेली. 1894 च्या सुमारास राजा रविवर्म्याने मुंबईत शिळाछापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्याच छापखान्यात काही काळ काम केलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. हरिश्चंद्राचे आख्यान चित्रकथीही सांगत असत. पान हाताने पालटावयाचे ते यंत्राने पालटू लागले, एवढाच बदल.

1947 च्या जुलै महिन्यात मद्रासला बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी ‘चंदामामा’ काढला. पुढे मराठीत तो ‘चांदोबा’ म्हणून आला. या मासिकाची युक्ती पाहण्याजोगी होती. चित्र एकदाच काढावयाचे आणि त्याभोवती तेलुगू, तमिळ, कन्नड, मराठी, हिंदी अशा निरनिराळ्या भाषांचा मजकूर बसवावयाचा. खांद्यावर प्रेत आणि हातात उपसलेली तलवार घेऊन स्मशानातून निघालेला विक्रम राजा आम्ही पाहिला, तोच त्याच महिन्यात तमिळ मुलाने पाहिला. हे चित्र शंकर यांचे. के. सी. शिवशंकरन् हे त्यांचे पूर्ण नाव, जन्म 1924 चा. पन्नासांहून अधिक वर्षे त्यांनी एकाच मासिकासाठी चित्रे काढली. नवी वळणे आली आणि गेली. त्यांची रेघ आपल्या वळणाने चालत राहिली. देवळातले खांब, राजवाड्यातले दिवे, झाडाची प्रत्येक पारंबी, सारे मन लावून काढलेले. त्यांच्या जोडीला ‘चित्रा’ या नावाने चित्रे काढणारे कलावंत होते. 2013 च्या सुमारास ‘चांदोबा’ बंद पडला.

1964 च्या मार्चमध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू झाले आणि ली फॉकचा फँटम मराठीत ‘वेताळ’ होऊन आला. मूळ कथेत त्याच्या जंगलाचे नाव बंगालशी मिळतेजुळते होते, ते आपल्याकडे बदलून ‘डेंकाली’ केले गेले. ही मालिका 1990 साली थांबली. त्या खटपटीत सुरुवातीला असलेले अनंत पै यांनी 1967 साली ‘अमर चित्रकथा’ उभी केली. दूरदर्शनवरील प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीकांचे देव माहीत होते पण रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, हे पाहून आपणांस ही कल्पना सुचली, असे ते सांगत. ‘कृष्ण’ या आरंभीच्या पुस्तकाची चित्रे राम वाईरकरांनी काढली. पुण्याचे प्रताप मुळीक यांनीही ‘अमर चित्रकथे’त पुष्कळ काम केले. पुढे अमिताभ बच्चनला नायक करून निघालेली ‘सुप्रिमो’ची पुस्तके आणि 1986 साली हिंदीत आलेला ‘नागराज’ हेही त्यांच्याच हातचे. पुराणातली अप्सरा, मोगलांशी झुंजणारा मावळा आणि मनगटातून साप सोडणारा नागराज एकाच लेखणीतून उतरत होते. ‘अमर चित्रकथे’ने एक रीत चांगली पाळली: चित्रे कोणाची हे पुस्तकात छापले. म्हणूनच आज आम्ही वाईरकर आणि मुळीक ही नावे घेऊ शकतो.

आज काही चित्रकार जाणूनबुजून जुन्या वळणाची चित्रे काढतात. त्यावर एक आक्षेप नेहमी येतो की ही नक्कल आहे, यात नवे काय? या प्रश्नाचे उत्तर पिंगुळीतच आहे. परशुराम गंगावणे यांनी आपल्या घरच्या पोथ्या जपल्या, बाहुल्या जपल्या, गायन जपले. 2006 साली घरच्या गुरांच्या गोठ्यात ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ या नावाने संग्रहालय थाटले. त्यांच्या घरात नव्या कागदावर जुन्या वळणाने चित्रेही काढली जातात. नक्कल करणारा रेघ पाहून रेघ ओढतो. परंपरेचा माणूस कथा आठवून रेघ ओढतो. त्याला हे चित्र कोणत्या शब्दाला वर उचलावयाचे हे माहीत असते. म्हणून नवे जुने ही कसोटी येथे खोटी आहे. चित्र कथा सांगते की नाही, एवढेच विचारावे.

2021 च्या प्रजासत्ताक दिनाच्या पद्मश्रींच्या यादीत परशुराम गंगावणे यांचे नाव होते. त्याच यादीत ‘चांदोबा’चे शंकर यांचेही होते, ते मात्र सप्टेंबर 2020 मध्येच निवर्तले होते. एक हाताने पान उचलून कथा सांगणारा, दुसरा छापील पानातून सांगणारा. दोघांची भेट कधी झाली की नाही ठाऊक नाही. पण एकाच यादीत त्यांची नावे बसली, ही आम्हांस मोठी अर्थाची गोष्ट वाटते.

आता आमचा स्वतःचा कबुलीजबाब. लहानपणी आम्ही ‘चांदोबा’तला विक्रम राजा कात्रीने कापून भाताच्या खळीने घराच्या भिंतीला चिकटविला होता. पुढच्या पावसाळ्यात भिंत ओली झाली आणि राजा, तलवार, वेताळ सारे पोपडे होऊन गळाले. पोथ्या फोडणाऱ्यांना नावे ठेवताना ती भिंत आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. पुढे कित्येक वर्षांनी रद्दीचे पोते उतरविताना त्याचे तोंड सुटले आणि ‘चांदोबा’चे जुने अंक खाली पडले. आमचा एक सोबती, ज्याला सही करावयास आम्हीच शिकविले होते, तो खाली वाकला आणि म्हणाला, “दादा, हा तर प्रेत नेणारा राजा.” त्याला अक्षर वाचता येत नव्हते. ते अंक आम्ही रद्दीच्या भावाने वजन करून घेतले, आणि आमचा संग्रह तेथे सुरू झाला.

दुसरी चूक अधिक मोठी आहे. आमच्या संघटनेच्या एका लढ्यासाठी आम्ही एका पेंटरकडून भिंतीवरची पाटी आणि कापडी फलक रंगवून घेतले होते. पाठीवर पोते घेतलेला हमाल त्याने असा काढला होता की मोंढ्यातला माणूस थांबून पाही. फलकावर संघटनेचे नाव मोठ्या अक्षरांत होते, पुढाऱ्यांची नावे होती, पेंटरचे नव्हते. त्याने कोपऱ्यात सही करू का म्हणून विचारले, तेव्हा आम्हीच सांगितले की जागा नाही. हजेरीपटावर हमालाचे नाव लागावे म्हणून आम्ही उन्हात उभे राहिलो, आणि आमच्याच फलकावर एका कामगाराचे नाव आम्ही लागू दिले नाही. तो फलक आज नाही, पेंटरही नाही.

म्हणून जमविणारांना आमचे सांगणे थोडके आहे. पोथी असो की कॉमिक्सची मालिका, जी हाती येईल ती अखंड ठेवावी; एका पानाच्या शोभेसाठी कथा मोडू नये. जुने चिंध्यांचे कागद टिकतात, परंतु वर्तमानपत्री कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, तो उजेडाने पिवळा पडून ठिसूळ होतो; त्याला ऊन आणि ओल दोन्हींपासून दूर ठेवावे, चिकटपट्टी लावू नये, गंजणारी टाचणी काढावी आणि आजोबा पोथी बांधीत तशी सुती कापडाच्या बासनात बांधावी. कसर आणि वाळवी यांवर नजर असावी. वस्तू कोठून, कोणाकडून आणि केव्हा मिळाली हे वहीत लिहावे, नाहीतर उद्या पिंगुळीचे पैठण होते. जुने जमविताना नवे करणाराला विसरू नये. आज जो त्या वळणाने चित्र काढतो आहे, त्याचे एक चित्र योग्य दाम देऊन घेणे हे दहा जुनी पाने स्वस्तात मिळविण्यापेक्षा मोठे काम आहे. आणि चित्र भिंतीवर लावाल तेव्हा त्याखाली देवाचे नाव लिहा, कथेचे लिहा, परंतु काढणाराचेही लिहा.

नामदेवांच्या गावी हे बोलण्यात औचित्य आहे. ते जातीने शिंपी होते आणि परंपरा जनाबाईला त्यांच्या घरची दासी मानते. त्या घरातल्या दासीनेही अभंगाच्या शेवटी आपली नाममुद्रा घातली. सातशे वर्षांपूर्वी दळणकांडण करणाऱ्या बाईला जो मान मिळाला, तो आज चित्र काढणाऱ्या माणसाला द्यावयास आपणांस जागा अपुरी पडू नये.